चांगली बातमी सकाळी सांगावी

सिस्टरना चांगली बातमी सांगायची असेल तर सकाळी पावणेसहाला त्यांच्या पुढच्या खोलीत हजर व्हावं लागे. इतर कुठल्याही वेळी कुणी हसऱ्या चेहऱ्याने फाटकाशी आलं, की त्या आधी विचारत, "चांगली की वाईट?" वाईट असेल तर दार लगेच उघडे. मग दुपारची झोप असो की समोर जेवणाचं ताट असो. चांगली म्हटलं की दोन्ही तळहात कानांवर जात. "मग सकाळी. आधी त्याला कळू दे. त्याच्या आधी मला कशाला?"

'तो' म्हणजे देव. त्याच्याविषयी सिस्टर नेहमी अशाच बोलत, जशी एखादी बाई वर्षानुवर्षं एकाच कचेरीत काम करणाऱ्या माणसाविषयी बोलते. आदर पुष्कळ, पण सवयीचा.

त्या आमच्या घरमालकीण होत्या. म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये खाली त्या आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, मी, आई आणि बाबा. बाबांचं शिवणकामाचं दुकान असल्यामुळे त्या त्यांना मास्टर म्हणत. त्या स्वतः नगरकडच्या ख्रिस्ती. अठराव्या वर्षी नर्सिंग शिकायला म्हैसूरला आल्या, इथल्याच एका कन्नड ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न केलं, चाळीस वर्षं इस्पितळात काढली आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्या गल्लीच्या सिस्टरच राहिल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कुणीही भेटलं की त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे 'सलाम' म्हणत. समोरच्या घरातले ब्राह्मण आजोबासुद्धा त्यांना उलट 'सलाम' म्हणायला शिकले होते.

आमचं घराणं पाच-सहा पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरात आम्ही बोलतो ते मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं आहे की नगरच्या माणसाला निम्मं कळणार नाही. मी शाळा शिकले ती इंग्रजीत. देवनागरी वाचता येई ती हिंदीच्या तासामुळे. सिस्टरच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांना त्यांचं मराठी बायबल वाचता येईना, तेव्हा एक दिवस त्या जिन्याखाली उभ्या राहून आईला म्हणाल्या, "तुमची पोरगी सकाळी काय करते?"

"झोपते," आई म्हणाली.

"मग पाठवा खाली."

माझी आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. ती बाबांना म्हणाली, "अण्णा, पोरगीला बाटवतील ते लोक."

बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "हिला सकाळी पाचला उठवायला मला वीस वर्षांत जमलं नाही. सिस्टरना जमलं तर त्यांच्या देवाला मीच हात जोडतो."

आईला मात्र थोडी काळजी होती. तिने सांगितलं, "त्या आमेन म्हणतील तेव्हा तू मनात विठ्ठल म्हण. साकु." म्हणजे तेवढं पुरे. हे मी सिस्टरना सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "आईने काय म्हणायला सांगितलंय?" मी खाली बघत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मनात कशाला? पण तुला मोठ्याने बोलायचं जमत नाही, ते दिसतंच आहे."

ते खरं होतं. मला लिहिलेलं वाचता येई. स्वतःचं काही चार माणसांत बोलायचं झालं की मी मागे सरून उभी राही.

प्रार्थनेला सिस्टर अंथरुणातून उठून तशाच कधी आल्या नाहीत. अंघोळ झालेली, केसांचा घट्ट अंबाडा, पांढरी किंवा फिकी निळी साडी, पिना जागच्या जागी. "वॉर्डात मी कधी विस्कटलेली गेले नाही. मग याच्यासमोर का जाऊ?" त्या बसत नसत, उभ्या राहत. ड्यूटी बदलताना नर्सा उभ्यानेच बोलतात म्हणे. त्यांची सगळी प्रार्थनाच ड्यूटी बदलण्यासारखी होती. इस्पितळात रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला खाटेखाटेचा रिपोर्ट देते: कोण झोपलं, कुणाचा ताप उतरला. सिस्टरच्या हिशेबी रात्रपाळी देवाची असे आणि सकाळपासून त्यांची.

"बापा," त्या सुरू करत, "रात्रभर तू जागा होतास. आता मी आले. तू बोलत नाहीस, म्हणून तुझा रिपोर्ट मीच वाचते. समोरचं बाळ रात्री एकदाच रडलं. आभार. माझा गुडघा तीनपर्यंत दुखला, तीननंतर नाही. आभार. नळाला पाणी वेळेवर आलं. मास्टरांचा खोकला मला वरून ऐकू आला नाही. ही पोरगी हाक न मारता खाली आली. आभार."

मी त्याआधी कुठल्याही देवाला इतकं बारीक काही सांगितलेलं ऐकलं नव्हतं. आमच्याकडे देवासमोर मोठ्या गोष्टी बोलतात. सिस्टरच्या प्रार्थनेत शेवग्याच्या शेंगा कोवळ्या निघाल्याचंही येई. सुरुवातीला मला हसू यायचं. मग असं झालं की दिवसभर कॉलेजात माझं लक्ष अशा गोष्टींकडे जायला लागलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, की वाटे, हे उद्या रिपोर्टमध्ये येण्यासारखं आहे. मी ते कधी बोलत नसे. पण लक्षात ठेवी.

सकाळी काही मागायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आजाऱ्यांची नावं, परीक्षा, पाऊस, जे काय मागायचं ते झोपताना. "दिवस उजाडला की लगेच हात पसरायचा? तो म्हणेल, हिला काल दिलेलं दिसलंच नाही." एकदा समोरच्या कन्नड बाईंनी सकाळच्या प्रार्थनेत मध्येच मुलीच्या लग्नाचं साकडं घातलं. सिस्टरनी एक डोळा उघडून त्यांना सांगितलं, "संजेगे बन्नी." संध्याकाळी या. दवाखान्यात चुकीच्या वेळी आलेल्या माणसाला सांगावं तसं.

याच बाईंच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशीचं मला चांगलं आठवतं. दुपारी दोन वाजता त्या तव्यावरची गरम होळिगे, म्हणजे पुरणपोळी, तुपासकट घेऊन आल्या. सिस्टरनी कान झाकले. बाई म्हणाल्या, गार होईल हो. सिस्टर म्हणाल्या, गार खाईन. बाई तणतणत गेल्या, गल्लीत चार जणांना सांगितलं की या म्हातारीला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. पण दुसऱ्या दिवशी पावणेसहाला त्या आल्या. बरोबर बनियनवर झोपाळलेला मुलगा आणि कालच्याच होळिगेचा डबा. सिस्टरनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या शाळेतल्या पहिल्या दिवसापासून आभार मानायला सुरुवात केली. कुठल्या मास्तरांनी त्याला गणित समजावलं, कुठल्या वर्षी तो टायफॉइडमधून उठला, आईने किती पहाटे डबे केले. हे सगळं त्यांच्या लक्षात होतं. मुलगा जागा झाला. बाई पदराने डोळे पुसत राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "काल सगळ्यांनी नुसतं काँग्रॅट्स म्हटलं गं."

तेव्हापासून गल्लीत ती रीतच पडली. नवीन रिक्षा घेतलेला रिक्षावाला, नातू झालेले आजोबा, बढती मिळालेला बँकेतला माणूस, सगळे पावणेसहाला येऊन उभे राहत. कुणी कुठल्या देवाचा हे सिस्टरनी विचारलं नाही.

स्वतःलाही त्यांनी या नियमातून सोडलं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी काढायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. डॉक्टरांनी पट्टी काढली, बोटं समोर धरली आणि विचारलं, "कसं दिसतंय, सिस्टर?"

"उद्या सकाळी सांगते."

"अहो, आत्ता सांगा. मला लिहायचं आहे."

"वाईट असतं तर आत्ता सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला लागले.

दिसायला लागल्यावरही पुस्तक माझ्याच हातात राहिलं. त्यांनी काढून घेतलं नाही, मी दिलं नाही. आज मी जी काही नीट मराठी लिहिते ती त्या खोलीत शिकले. स्तोत्रं वाचताना जीभ अडखळली की त्या म्हणत, "पुन्हा. घाई काय आहे? आनंदाचं वाचते आहेस, तार वाचत नाहीस."

हा नियम कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. थंडीत आम्ही दोघी पायरीवर बसून अवरेकाळ, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत होतो. त्या तेव्हा नव्या नर्स होत्या. एका बाईला लग्नानंतर बाराव्या वर्षी मुलगा झाला. सिस्टरना इतका आनंद झाला की त्या बाळाला घेऊन बाहेर धावल्या. व्हरांड्यात बसलेल्या सासूला, नवऱ्याला, दिराला दाखवत फिरल्या. कुणीतरी साखर त्यांच्या तोंडात घातली. आत आल्या तर बाईच्या खाटेखाली रक्त साचलेलं. "पाच मिनिटं. जास्त नाही. ती वाचली, पण माझ्यामुळे नाही. मेट्रन आली म्हणून." शेंगेतला दाणा त्यांनी ताटात टाकला. "तेव्हापासून ठरवलं. दुःखात माणूस आपोआप थांबतो. आनंदात थांबत नाही, पळत सुटतो. म्हणून मी आनंदाला उभं करते. सकाळपर्यंत थांब, म्हणते. वाईट बातमी थांबू शकत नाही, चांगली थांबते. चांगल्या बातमीचं काही बिघडत नाही."

त्याच दुपारी त्यांनी धाकट्या बहिणीचंही सांगितलं. ती नगरला राहते एवढंच मला माहीत होतं. सकाळच्या रिपोर्टमध्ये तिचं नाव कधी येत नसे. सिस्टरच्या नवऱ्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात नगरला त्यांची आई वारली. धाकटीने कळवलं नाही. ताई इस्पितळात एकटी आहे, भावोजींचं जिवावरचं दुखणं आहे, तिच्यावर आणखी हे कशाला, असा विचार करून तिने चार दिवस बातमी स्वतःजवळ ठेवली. सिस्टर पोचल्या तेव्हा मातीवरची फुलंही वाळली होती. सहा महिन्यांनी धाकटी समजूत घालायला म्हैसूरला आली. सिस्टरनी तिला दारातून परत पाठवलं. "आत घेतलं नाही. पाणी विचारलं नाही. माझ्या आईचं तोंड दाखवायचं की नाही, हे ठरवणारी ती कोण?"

त्या गोष्टीला तेव्हा बारा वर्षं झाली होती. सिस्टर एवढं बोलून उठल्या आणि टरफलं गोळा करायला लागल्या.

पुढे मी हूटगळ्ळीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले. सव्वासातची कंपनीची बस. त्याआधी प्रार्थना उरके. नोकरीची बातमीही मी एक रात्र पोटात ठेवली होती, आईलासुद्धा सकाळीच कळली. आई चिडली, पण मला त्यात काही कठीण वाटलं नव्हतं. मनातलं मनात ठेवणं मला लहानपणापासून जमतं. सिस्टरना वाटे, मी त्यांचा नियम पाळते. खरं तर तो नियम माझ्या सोयीचा होता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. शनिवार होता. सिस्टर देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बायकांच्या सभेला गेल्या होत्या आणि मी खाली त्यांच्या खोलीत पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. चार वाजता टेलिफोन वाजला. सिस्टरनी मोबाईल कधी घेतला नाही.

"कोण बोलतंय?" पलीकडून एका बाईंनी विचारलं. आवाज सिस्टरसारखाच, जरा पातळ.

मी वरची भाडेकरू, असं सांगितलं.

"मी तिची धाकटी बहीण. नातीला इथे कॉलेजात सोडायला आले होते. उद्या सकाळी पावणेसातच्या बंगळूरच्या गाडीने परत चाललेय. आज स्टेशनजवळच्या लॉजवर आहे." त्यांनी लॉजचं नाव सांगितलं. "तिच्या दाराशी मी येणार नाही. एकदा आले होते. पण तिला यावंसं वाटलं तर यावं म्हणावं. मी वाट बघते."

मी हो म्हटलं. नंबर विचारायला हवा होता, तो विचारला नाही. अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हणजे मला धीर लागतो, आणि तो येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

सिस्टर सहाला परत आल्या. मी फाटकाशीच थांबले होते. म्हटलं, "सिस्टर, तुमच्यासाठी बातमी आहे."

"चांगली की वाईट?"

आजही मी त्या क्षणाकडे परत परत जाते. चौदा वर्षांनी बहीण भेटू म्हणते आहे, ही वाईट बातमी कशी असेल? मी म्हटलं, "चांगली."

तळहात कानांवर. "मग सकाळी."

"पण..."

"तू तरी नियम मोडू नकोस गं. तूच एक पाळतेस."

दुसरी कुणी असती तर हात ओढून काढले असते आणि ओरडून सांगितलं असतं. मी वर गेले. आईला सांगितलं असतं तर ती तशीच खाली उतरली असती. मी तिलाही सांगितलं नाही. मनात वेळ जुळवली: पावणेसहाला प्रार्थना, सहापर्यंत माझी पाळी, स्टेशन दहा मिनिटांवर. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं. इतकी मोठी बातमी त्या खोलीत माझ्या तोंडून सांगितली जाणार, सिस्टर तिच्यासाठी आभार मानणार. लॉजवर एक म्हातारी बाई संध्याकाळभर दाराकडे बघत बसली असेल, हे माझ्या मनात आलंच नाही.

रविवारी सकाळी मी खाली गेले तर आमच्या गल्लीतला रिक्षावाला माझ्याआधी येऊन उभा. त्याच्या मुलीला सरकारी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. माझं वाचन झालं, सिस्टरचा रिपोर्ट झाला, आणि त्याने सांगायला सुरुवात केली. तो कन्नडात सावकाश, रस्त्यातल्या एकेका वळणासकट बोलणारा माणूस. मुलगी कशी अभ्यास करायची, दिवे गेले की रिक्षाचा दिवा लावून कशी बसायची. सिस्टर मान डोलवत ऐकत होत्या. घड्याळात सहा वाजले. सहा दहा झाले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग सिस्टरनी त्याच्या मुलीसाठी आभार मानले, तेही सावकाश.

"आता तू," त्या माझ्याकडे वळल्या. "काल काहीतरी घेऊन आली होतीस."

मी एका दमात सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला.

सिस्टरनी विचारलं, "फोन कधी आला?"

"काल चारला."

"गाडी?"

"पावणेसात."

घड्याळात सहा वीस झाले होते. सिस्टरचं तोंड रागाने उघडलं, मी ते स्पष्ट पाहिलं. शब्द ओठांपर्यंत आला होता. मग त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि तोंड हळूहळू मिटलं. "आभार," त्या म्हणाल्या. "बाकीचं वाटेत." आणि घरातल्या रबरी चपलांवरच बाहेर पडल्या.

रिक्षावाल्याने काही न विचारता रिक्षा सुरू केली. मी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले. वारा लागून अंबाड्यातली एक बट सुटली, ती त्यांनी मागे घेतली नाही. डोळे मिटून त्या मोठ्याने बोलत होत्या.

"बापा, सकाळ आहे, मला ठाऊक आहे. तरी मागते. गाडीला उशीर कर. थोडासा. दहा मिनिटं तुला काय आहेत?"

"एनम्मा?" काय म्हणालात, असं रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

"निनगल्लप्पा. तुला नाही. तू पुढे बघ." आणि पुन्हा त्याच सुरात, "दहा नाही तर पाच दे."

गाडीला उशीर झाला नव्हता. फलाटावर ती सुटण्याच्या तयारीत उभी होती आणि सिस्टर एकेका खिडकीत डोकावत चालल्या होत्या. मी मागे. सहाव्या की सातव्या डब्याच्या खिडकीत त्यांच्यासारखंच नाक असलेली एक बाई मांडीवर पिशवी धरून बसली होती.

"आलीस," धाकटी म्हणाली.

"आत्ता कळलं."

"आत्ता कसं? काल चारला फोन केला मी. एका पोरीनं घेतला."

"हिने," सिस्टर मला पुढे न ओढता म्हणाल्या. "हिने रात्रभर सांगितलं नाही."

"का?"

"मी ऐकून घेतलं नाही म्हणून. आणि सकाळी सांगितलं तर मला जास्त बरं वाटेल, असं वाटलं तिला."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरकडे. आवाज चढवला नाही. "मग मी काय केलं होतं, ताई?"

मी फलाटाच्या फरशीकडे बघत होते. कुणीतरी चहाची किटली घेऊन आमच्यामधून गेलं. सिस्टरनी खिडकीची सळई धरली होती, ती सोडली नाही. पुढे सिग्नल पडला, लोक दारांकडे सरकायला लागले.

"सरक तिकडे," सिस्टर बहिणीला म्हणाल्या आणि दरवाज्याकडे वळल्या. पायरीवर चढताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "मंड्याला उतरेन, तासाभराचा तर रस्ता. तू घरी जा. मास्टरांना सांग."

"तिकीट नाही, सिस्टर."

"तो येईल तेव्हा बघू," त्या म्हणाल्या. तो म्हणजे टीसी की आणखी कुणी, ते मी विचारलं नाही. गाडी हलली.

घरी आल्यावर आईने सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "सुम्ने उगीच तोंड मिटून बसायचं हे तुझं. कुणाचा जीव जाईल एक दिवस." बाबा म्हणाले, राहू दे. मी पायरीवर जाऊन बसले. सिस्टरनी मला यानंतर खाली बोलावलं नाही तर, हाच विचार येत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्या रिपोर्टमधून माझंही नाव धाकटीसारखं गळलं तर.

अकराच्या सुमाराला त्या बस स्टँडकडून चालत आल्या. केस पूर्ण सुटलेले, साडीवर चहाचा डाग. चाळीस वर्षं ज्या बाईची पीन हलली नव्हती ती अशी भर रस्त्यातून आली. हातात तेलाने पारदर्शक झालेली कागदाची पुडी. माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि पुडीतला मोठा वडा मोडून अर्धा मला दिला.

"माझं चुकलं, सिस्टर," मी म्हटलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. वडा चावायला त्यांना कठीण जात होता, त्यांनी सावकाश चावला. "सकाळी तुझ्यावर ओरडणार होते मी. मग तुझं तोंड पाहिलं. चूक केली असं त्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. चांगलं केलं असं वाटत होतं त्याला." मग म्हणाल्या, "तुला सोडून द्यायला मला एक मिनिट लागलं. घड्याळ समोरच होतं. तिला चौदा वर्षं."

मी माझ्या अर्ध्या वड्याचे तुकडे करत राहिले.

"रिक्षात मी गाडी मागत होते," त्या म्हणाल्या, "आणि आतून नुसती लाज वाटत होती. किती गं मी मोजून आभार मानले इतकी वर्षं. शेवग्याच्या शेंगांचे मानले." त्यांनी पुडीचा कागद चार वेळा दुमडला. उठताना म्हणाल्या, "उद्या रिपोर्ट तू दे. माझ्याच्याने होणार नाही."

"मला जमत नाही बोलायला."

"ठाऊक आहे. एकच वाक्य दे."

सोमवारी पावणेसहाला मी खाली गेले. सिस्टर अंघोळ करून, अंबाडा घालून उभ्या होत्या. समोरच्या बाई आल्या होत्या, रिक्षावाला पुन्हा आला होता, त्याला पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. मी स्तोत्र वाचलं. पुस्तक मिटलं. हातात काही नसताना त्या खोलीत उभं राहायची ती माझी पहिली वेळ. सिस्टरनी डोळे मिटले, मग बाकीच्यांनी. कुणी माझ्याकडे बघत नाही याचा मला आधार वाटला.

"बापा," मी म्हटलं, कारण तिथे तसंच सुरू करतात. मग मनात विठ्ठल म्हटलं. मग बराच वेळ काही सुचलं नाही. कुणी खाकरलं नाही, कुणी मदत केली नाही. शेवटी मी म्हटलं, "काल दोन बहिणी मंड्यापर्यंत एकत्र गेल्या. आभार."

"त्याच्याही पुढे, मद्दूरपर्यंत," सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या. "मंड्याला उतरायचं राहून गेलं. बोलत होतो."